काजवा कापून टाकलात, संपादक साहेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यात त्वचेची काळजी कशी घ्यावी असा लेख होता आणि त्याच्या शेजारी एका जपानी बाईचा चेहरा छापला होता, खाली दोनच शब्द, 'जपानी सुंदरी'. शिवाय चौकटीत एक ओळ, की जपानी चित्रकलेत स्त्री ही फुलासारखी ऋतूची शोभा असते. चार दिवस झाले ते पान माझ्या टेबलावरच आहे, रद्दीत टाकवत नाही आणि बघवतही नाही, म्हणून शेवटी लिहायला बसले. मी बडोद्यात शाळेत चित्रकला शिकवायचे, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण मुलांना चित्र कसं बघायचं हे सांगायची सवय काही सुटलेली नाही.

ते चित्र उएमुरा शोएन यांचं आहे. त्या स्वतः बाई होत्या, क्योतोच्या. चित्राचं नाव 'होतारू' म्हणजे काजवा, साल १९१३, मूळ चित्र टोकियोच्या यामाताने म्युझियममध्ये आहे. पूर्ण चित्रात ती बाई झोपायच्या आधी मच्छरदाणी बांधतेय आणि तेवढ्यात तिला एक काजवा दिसतो, हातातलं काम तसंच ठेवून ती खाली त्याच्याकडे बघते. एवढंच आहे चित्रात. तुमच्या पानावर मच्छरदाणी नाही, हात नाहीत, काजवा नाही, नुसता चेहरा आहे. म्हणजे उन्हाळ्याची रात्र ज्यातून कळते ते सगळं कापलं गेलं आणि मग वर लिहिलं की ती ऋतूची शोभा आहे! अहो ती शोभा नव्हती हो, ती काम करत होती. शोएनबाईंनी स्वतः म्हटलंय की मच्छरदाणी आणि सुंदर बाई म्हटलं की लोकांच्या मनात काहीतरी मादक येतं, मला ते स्वच्छ आणि वरच्या दर्जाचं करून दाखवायचं होतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्यांनी जे मुद्दाम टाळलं तिथेच आपण त्यांचं चित्र नेऊन ठेवलं.

आणि दुसरी गोष्ट, चित्र उलटं छापलंय. आरशात दिसतं तसं. गळ्याशी बघा, किमोनोची उजवी बाजू वर आलीये. किमोनो नेसताना आधी उजवी बाजू अंगाशी घ्यायची आणि तिच्यावर डावी, बाई असो की पुरुष, हा नियम तिकडे ७१९ सालच्या सरकारी हुकमापासून चालत आलाय. उलटी बाजू, म्हणजे उजवी वर, ती फक्त मृत माणसाला अंतिम तयारीच्या वेळी घालतात. त्यामुळे कुणी जपानी माणसाने ते पान बघितलं तर त्याला पहिल्यांदा काय वाटेल विचार करा.

बडोद्याच्या माणसाला तर हे समजायला अजिबात अवघड नाही. इथे मांडवीच्या बाजारात उभं राहिलं की लांबूनच कळतं कोण कुठली, पदर उजव्या खांद्यावरून पुढे आला की गुजराती, डाव्या खांद्यावरून मागे गेला की आपल्याकडची. रविवर्म्याने सयाजीराव महाराजांसाठी केलेली पौराणिक चित्रं आहेत ना, त्यातलं एखादं कुणी उलटं छापलं तर आमच्या दांडिया बाजारातली कुठलीही आजी सांगेल की अहो हा पदर चुकलाय. ती चित्रकला शिकलेली नसेल, पण पदर कुठे जातो हे तिला माहिती आहे. तिकडच्या चित्रातही तेच आहे, सगळी भाषा कापडात आणि हातात आहे, चेहऱ्यात फार थोडी. चेहरे तर बरेचसे सारखेच असतात, नाक एका रेषेत, डोळे बारीक, तोंड एवढंसं. विद्यार्थी विचारायचे बाई या सगळ्या एकसारख्या का दिसतात, तर मी म्हणायचे चेहरा झाका आणि मग सांगा कुठला महिना आहे. आणि मुलं सांगायची! कापडावर पाकळ्या आहेत की मेपलची पानं, हातात पंखा आहे की हात बाहीत ओढून घेतलेत, दाराला कागद आहे की वेताचा पडदा.

मला ते चित्र इतकं लागलं त्याचं एक कारण घरचं पण आहे. आमच्या लहानपणी वैशाखात सगळं घर गच्चीवर झोपायचं. संध्याकाळी आधी पाणी शिंपडायचं, ते वाफ होऊन जायचं, मग गाद्या, आणि अंधार पडता पडता आई मच्छरदाण्या बांधायची, चार कोपऱ्यांना चार काठ्या, दोरी दातात धरून गाठ मारायची आणि मधेच थांबून वर बघायची. काय बघायची कोण जाणे, तारे म्हणा, वारा सुटतोय का ते म्हणा. तो अर्धा मिनिट तिचा स्वतःचा असायचा, नंतर पुन्हा दूध विरजण लावणं वगैरे सुरूच. शोएनबाईंनी बरोबर तोच अर्धा मिनिट पकडलाय असं मला वाटतं. तो कापून टाकल्यावर मागे राहिला तो निव्वळ चेहरा.

आता ऋतू आणि बायका हे जपानी चित्रात इतकं एकत्र का येतं, तर ते फार जुनं आहे. आपल्या बारामासाच्या, म्हणजे महिन्यागणिक एकेक अशा चित्रांसारखी तिकडेही बारा महिन्यांची आणि चार ऋतूंची चित्रं हजार वर्षांपूर्वीपासून पडद्यांवर काढायचे. आणि अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबु या राजवाड्यातल्या बाईने गेन्जीची जी मोठी कथा लिहिली त्यात गेन्जी एक वाडा बांधतो, त्याचे चार भाग, चारी भागांत वेगळी बाग आणि प्रत्येक बागेत एक ऋतू. वसंताच्या बागेत मुरासाकी नावाची नायिका, उन्हाळ्याच्या भागात हानाचिरुसातो, शरदाच्या भागात एक सम्राज्ञी आणि हिवाळ्याच्या बाजूला आकाशीची बाई. वरवर बघितलं तर वाटेल पुरुषाने बायकांना ऋतू वाटून दिले. पण शरद त्या सम्राज्ञीला दिला कारण तिने आधीच सांगितलं होतं की मला शरद जवळचा वाटतो, तिची आई शरदात गेली होती. म्हणजे ऋतू तिने आपल्या दुःखावरून निवडलाय. आणि पुढे ही सम्राज्ञी आणि मुरासाकी एकमेकींना चिडवतात पण किती सुंदर, सम्राज्ञी रंगीत पानं पाठवते की तुझ्या वसंताच्या बागेत आता काय आहे, आणि मुरासाकी पुढच्या वसंतात पक्षी आणि फुलपाखरं बनलेल्या मुलींच्या हातात फुलं देऊन पाठवते. पुढे शेकडो वर्षं चित्रकारांनी हे प्रसंग रंगवले. त्या चित्रांतली बाई ऋतूवर मत असलेली बाई आहे. आमच्या आजीचं पण होतं, पहिल्या पावसावर तिचा भरवसा नसायचा, ती म्हणायची हा खरा नाही, अजून उकडतंय.

मला सगळ्यात आवडतो तो अठराव्या शतकातला चित्रकार हारुनोबु. १७६५ च्या सुमाराला अनेक रंगांचे ठसे एकावर एक नेमके बसवून छापायची पद्धत आली, त्यात हा पुढे होता. त्याची एक आठ चित्रांची माळ आहे, घरातल्या खोलीतले आठ देखावे. चीनमध्ये आठ प्रसिद्ध निसर्गदृश्यं ठरलेली होती, शरदाचा चंद्र, संध्याकाळचा बर्फ, उतरणारे रानहंस, लांबून येणारी शिडं अशी. हारुनोबुने काय केलं, ही सगळी दृश्यं घरात आणली आणि बायकांच्या रोजच्या वस्तूंत ठेवली. आरशाच्या स्टँडवरचा गोल आरसा म्हणजे शरदाचा चंद्र. कोटो वाद्याच्या तारांखालच्या तिरप्या घोड्या म्हणजे रांगेत उतरणारे हंस. टॉवेल वाळत घातलाय तो म्हणजे परतणारं शिड. भांड्यावर ताणून वाळवायला घातलेला पांढऱ्या रेशमी तंतूंचा थर म्हणजे संध्याकाळचा बर्फ! किटलीत पाणी उकळतंय तो आवाज म्हणजे रात्रीचा पाऊस. विचार करा, बाईला घराबाहेर डोंगर-नदी बघायला जायची मोकळीक कमी, आणि हा माणूस म्हणतो की सगळा निसर्ग हिच्या हाताखाली आहे, वाळत घातलेल्या कापडात आहे. मी हे वर्गात सांगितलं की मुली घरी जाऊन शोधायच्या, एकीने सांगितलं होतं की आई पापड वाळत घालते तेव्हा गच्चीवर पुष्कळ चंद्र असतात. त्या मुलीला मी त्या दिवशी पैकीच्या पैकी दिले.

त्यांच्याकडे बर्फ कसा छापतात हे पण सांगायला हवं कारण छपाईच्या माणसाला ते आवडेल. बर्फासाठी कुठला रंगच नाही, तिथे कोरा कागद सोडायचा, आणि कधी कधी शाई न लावता नुसता ठसा दाबायचा म्हणजे कागद उठून येतो आणि बर्फाची सुरकुती दिसते. फोटो कॉपीत ते कधीच येत नाही. प्रकाश तिरका पडला तरच दिसतं.

काट्सुकावा शुन्शो या चित्रकाराने बारा महिन्यांतल्या बायकांच्या चालीरीती बारा लांब पटांवर रंगवल्या, त्यातले दहा उरलेत, पहिला आणि तिसरा महिना हरवला, उरलेले आतामीच्या मोआ म्युझियममध्ये आहेत. त्या पट्ट्या इतक्या अरुंद आहेत आणि त्यात इतक्या बायका बसवल्यात की वाटतं जिन्यावरच बसल्यात. हे महिने जुन्या चांद्र पंचांगाचे बरं का, जपानने नवं कॅलेंडर १८७३ पासून घेतलं, त्याआधी आपल्यासारखंच तिथींवर चालायचं आणि अधिक महिना पण असायचा. पहिल्या महिन्यापासून वसंत, म्हणून सातवा महिना आला की शरद सुरू. सातव्याच्या सातव्या दिवशी तानाबाता, आकाशगंगेच्या दोन काठांवरचे विणकरीण आणि गुराखी हे दोन तारे वर्षातून एकदाच भेटतात, आणि त्या रात्री मुली काय मागतात तर शिवणकामात, लिहिण्यात हात चांगला बसू दे. नवव्या महिन्यात शेवंतीच्या फुलांवर रात्रभर कापूस ठेवायचा आणि सकाळी दवाने भिजलेल्या त्या कापसाने चेहरा पुसायचा, म्हातारपण लांब जातं म्हणून. तुमच्या त्वचेच्या लेखात हे घातलं असतं तर मी तुम्हाला वेगळं पत्र लिहिलं असतं, कौतुकाचं. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र बघायचा, साधारण आपल्या भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे आपल्या कोजागिरीच्या एक महिना आधी. चौथ्या आणि दहाव्या महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांनी कपडे बदलायचे, चौथ्यात हिवाळ्याचे आत आणि उन्हाळ्याचे बाहेर, दहाव्यात उलट, हे अजूनही एक जून आणि एक ऑक्टोबरला शाळा-ऑफिसांत करतात.

आता आपण संक्रांतीला काळी चंद्रकला का नेसतो, चैत्रात गौर बसली की वाटली डाळ आणि पन्हं का, श्रावणात मंगळागौरीला सोळा पत्री का, भोंडल्याला पाटावर हत्ती का, हे कुणी चित्रात काढलं आणि खाली 'मराठी सुंदरी' लिहिलं तर आपल्याला काय वाटेल. चैत्रांगण काढणाऱ्या बाईचा कापून नुसता चेहरा ठेवला तर तो चैत्र राहील का?

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. या सगळ्या सुंदर चित्रांतल्या खूप बायका योशिवाराच्या होत्या, म्हणजे एदो (आताचं टोकियो) शहरातल्या कलावंतिणींच्या कुंपणातल्या, ज्यांना गरीब घरांतून लहानपणीच करार करून विकलेलं असायचं. अशा बायकांची चित्रं काढणाऱ्या उतामारोची चित्रं बघताना मला हे विसरता येत नाही. तिथे तर सणाच्या दिवशी दर वाढायचे आणि नवा किमोनो त्या बाईनेच उधारीवर करायचा, म्हणजे ऋतू बदलला की तिच्यावरचं कर्ज वाढायचं. ती छापील चित्रं विकत घेणारे पुरुष, काढणारे पुरुष, छापणारे पुरुष. चौकटीत ही ओळ लिहिणाऱ्याला हे म्हणायचं असतं तर मी मान डोलावली असती. पण त्याच उतामारोने रेशमाचे किडे पाळणाऱ्या बायकांची बारा चित्रं पण काढलीत, अंड्यांपासून ते कापडापर्यंत, त्यात तुतीची पानं तोडणाऱ्या, किडे चाळणाऱ्या, धागा काढणाऱ्या बायका आहेत आणि त्या कुणाकडे बघून हसत नाहीयेत, हातातल्या कामाकडे बघतायत.

म्हणूनच शोएनबाईंचं महत्त्व. १८७५ चा जन्म, वडील त्यांच्या जन्माआधीच गेले, आईने क्योतोत चहापत्तीचं दुकान एकटीने चालवून दोन मुली वाढवल्या. मुलगी चित्रकलेच्या शाळेत जाते म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली, आई ठाम राहिली. पंधराव्या वर्षी, १८९० मध्ये, टोकियोच्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात त्यांनी चार ऋतूंतल्या चार बायकांचं चित्र ठेवलं आणि ते विकत घेतलं कोणी तर राणी व्हिक्टोरियाच्या मुलाने, ड्यूक ऑफ कॅनॉटने. तोच, ज्याच्या नावाचं दिल्लीचं कॅनॉट प्लेस. तो तेव्हा मुंबईच्या लष्कराच्या प्रमुखपदावरून मोकळा होऊन जपानमार्गे घरी चालला होता. पण माझ्यासाठी महत्त्वाचं ते चित्रात काय होतं हे. वसंतात सगळ्यात लहान मुलगी, फुलं रचतेय. उन्हाळ्यात तिच्याहून जरा मोठी, झिरझिरीत कपड्यात. शरदात त्याहून मोठी बिवा हे तंतुवाद्य वाजवतेय. आणि हिवाळ्यात मध्यम वयाची बाई बर्फाचं एक चित्र बघतेय. पंधरा वर्षांच्या पोरीने ऋतूंबरोबर बाईचं वय पण पुढे नेलं, आणि शेवटच्या बाईच्या वाट्याला काय दिलं तर चित्र बघण्याचा निवांतपणा. मला हे वाचलं तेव्हा भरून आलं होतं, आता मी त्या वयाच्याही पुढे आहे.

पुढे त्यांनी लग्नाशिवाय मुलगा एकटीने वाढवला, तोही चित्रकार झाला, शोको. एका सम्राज्ञीने सांगितलेलं बर्फ-चंद्र-फुलं हे तीन चित्रांचं काम त्यांनी सुमारे वीस वर्षं मनात घोळवून १९३७ मध्ये दिलं. १९३४ मध्ये आई गेली आणि त्यानंतर चित्रांत आईच यायला लागली असं म्हणा ना. १९४१ च्या चित्रात एक बाई संध्याकाळच्या उरलेल्या उजेडात दाराशी येऊन सुईत दोरा ओवतेय. १९४३ च्या 'बान्शू' मध्ये, म्हणजे सरता शरद, थंडी यायच्या आधी एक बाई कागदी दाराचं फाटलेलं भोक बुजवतेय. कुठेही मेपलचं झाड नाही, चंद्र नाही, पण ऋतू समजतो, वारा आत येऊ नये म्हणून ती जे करतेय त्यातून समजतो. १९४८ मध्ये जपानचा संस्कृती पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई, पुढच्याच वर्षी गेल्या. अशा बाईचं चित्र बिननावाने छापलं गेलं, म्हणून हे सगळं लिहिलं.

बडोद्याला तर हे परकं मानायचं कारणच नाही. सयाजीराव महाराज १९१० मध्ये स्वतः जपानला जाऊन आले होते. आणि कीर्तिमंदिरात जी भिंतीवरची चित्रं आहेत नंदलाल बोसांची, त्या नंदलालांच्या ब्रशमागे जपान आहे, कलकत्त्याला १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार आले, नंतर आराई काम्पो आले आणि नंदलाल स्वतः १९२४ मध्ये टागोरांबरोबर जपानला गेले. कीर्तिमंदिरातल्या नटीर पूजेच्या (टागोरांच्या नाटकावरच्या चित्राच्या) भिंतीसमोर उभं राहून रेषा बघा, कपड्याची घडी एका दमात कशी ओढलीये, आणि मग शोएनबाईंची रेष बघा. आमच्या फाइन आर्ट्सला चित्रकार बेंद्रे सर होते, मूळ इंदूरचे, त्यांच्याही कामकरी बायका हातांवरून ओळखू येतात. शहरात एवढं सगळं चालत जायच्या अंतरावर आहे.

तर माझी विनंती एवढीच की पुढच्या एखाद्या रविवारी 'होतारू' पुन्हा छापा, पूर्ण, सरळ बाजूने, चित्रकाराच्या नावासकट आणि सालासकट. जागा कमी पडत असेल तर माझं हे पत्र निम्मं करा, चालेल. जमलंच तर त्याच्या शेजारी वाचकांकडून मागवा की तुमच्या घरात या महिन्यात बायका काय करतात ज्यावरून महिना कळतो, एकेक ओळ, बडोद्यात अजून हे सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या आहेत आणि त्या आपणहून लिहिणार नाहीत, विचारावं लागेल. आणि चित्र लावणाऱ्या तुमच्या ऑपरेटरला एवढं सांगा की काजवा अगदी लहान आहे, खालच्या बाजूला, स्क्रीनवर धुळीच्या ठिपक्यासारखा वाटेल, तो पुसू नकोस.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदा